इंदू, तुझी डुक्कर फियाट

इंदू, तुझ्या तेरवीला आलेले अर्धे लोक जेवण झाल्यावर गाडीभोवती उभे होते. माझ्याजवळ आले की त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, गाडीजवळ गेले की सुचत होतं. कोणी बॉनेटवर हात ठेवून तुझी आठवण सांगत होतं, कोणी ते उलटं उघडणारं पुढचं दार उघडून पोरांना दाखवत होतं. तू त्यांना हटकलं असतंस, "हात लावा, पन दार आदळू नका." मला मात्र ते बरं वाटलं. तुझ्याबद्दल कोणीतरी मोठ्याने बोलत होतं.

आता घरात मोठ्याने बोलणारं कोणी नाही. परवा एसटीने वाशीमला गेलो, पेन्शनच्या कामाला. डावीकडच्या खिडकीशी बसलो. मोठ्या रस्त्याचा फाटा आला, बस हळू झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रिकामं हाय." शेजारच्या सीटजवळ एक बाई उभी होती. तिला वाटलं मी तिलाच बसायला सांगतो आहे. बसली बिचारी आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, पाय दुखून राह्यले होते." वाशीमपर्यंत ती तिच्या नातवाचं सांगत होती. मी हूं हूं करत राहिलो.

तुझ्या गाडीला डावा आरसा नव्हता. मी होतो. लहानपणी बाभळीचा काटा लागून माझा उजवा डोळा गेला, म्हणून मी कधी सायकलच्या पुढे गेलो नाही. पण डाव्या डोळ्याने तुझ्यासाठी रस्ता पाहण्याचं काम मी जन्मभर केलं. "डावीकून कोनी हाय का?" तू विचारायचीस. "नाई, रिकामं हाय, चाल," मी म्हणायचो. शाळेत मी चाळीस पोरांना व्याकरण शिकवायचो, गाडीत माझं सारं बोलणं एवढंच. आणि तू बसायचीस माझ्या उजवीकडे, म्हणजे माझ्या आंधळ्या बाजूला. तुला पाहायचं तर पूर्ण मान वळवावी लागे. मी फार वेळा वळवायचो. तुला वाटायचं, मी तुझा हात पाहतो आहे, गिअर बरोबर पडतो की नाही ते. वाटू दिलं.

ही गाडी तू आणलीस त्या दिवशी मी तुला वेडी म्हटलं होतं. वाशीमला ज्या डॉक्टरांच्या घरी तू भाजी द्यायचीस, त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी फियाट त्यांच्या लिंबाखाली कोंबड्यांना मिळाली होती. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. सारं गाव त्या जातीच्या गाडीला डुक्कर फियाट म्हणायचं, नाकाडाच्या गोल आकारामुळे. तू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यास, दार उघडून पाहिलंस आणि मला म्हणालीस, "पाहा नं, दार उलटं हाय. आधी बसाचं, मंग पाय आत घ्याचे. हे गाडी साडीवाल्या बाईसाठीच बनवली कोनीतरी."

"अन् चालवन कोन?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? मी चालवतो."

तू आयुष्यभर "चालवतो"च म्हणालीस. आपल्याकडे बायका तशाच बोलतात, पण पुण्याच्या पाहुण्या तुझं बोलणं ऐकून हसायच्या, तेव्हा तू आणखी जोरात "करतो, जातो, खातो" म्हणायचीस.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर रहीमभाई मिस्त्रींनी ती दुरुस्त करून उभी केली. आणि त्यांनीच तुला शिकवलं, हरभरा निघाल्यावर आपल्या मोकळ्या वावरात. मी वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभा. गाडी दोन हात पुढे जायची, गचका खायची, बंद पडायची. रहीमभाई आपले शांत. "भाबी, क्लच आहिस्ता छोडो. मेहमान को रुखसत करते वैसा. धक्का मत दो." तू म्हणालीस, "भाई, माह्या घरी मेहमान रडतच जातात." दोघंही हसलात आणि त्या हसण्यातच कधी क्लच सुटला, गाडी निघाली, ते तुम्हालाच कळलं नाही. धुऱ्याशी येऊन तुला थांबवता येईना. मी बाजूला उडी मारली. तू खिडकीतून ओरडलीस, "तुमी काहून पळता? मी हाय नं!"

मग सुट्टीच्या दिवशी बाजार ठरला. मागची सीट काढून मेथी, वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, पुढच्या लांब सीटवर आपण दोघं, मध्ये आपली पोर वर्षा. पहिल्यांदा बाजारात शिरलो तर माणसं भाव करायचं सोडून पाहायला लागली. एक जण मला म्हणाला, "गुरुजी, बाई चालवते अन् तुमी बसता?" तू काच खाली करून म्हणालीस, "त्यायले बसता येते म्हून बसते. तुमाले येत असन तं तुमीबी बसा मागं, वांग्यावर." सारा बाजार हसला. तो माणूस पुढे आपलं कायमचं गिऱ्हाईक झाला.

तुझ्याशी आणखी एक गोष्ट बोलायची राहिली, ती वर्षाच्या लग्नाची.

मांडवाबाहेर नवरदेवाकडची जीप हारांनी सजवून उभी होती. वर्षा उंबरठ्यावर थांबली आणि म्हणाली, "मी फियाटमधीच जातो." जावई जीपचे हार सोडून स्वतःच्या हातांनी फियाटला बांधायला लागले. मला तिथेच तो मुलगा आवडला. पण त्यांचे मामा पुढे झाले. "गाडी ठीक हाय. पन नवरीची माय गाडी चालवत सासरी येते काय? लोक काय म्हनतीन? रीतभात हाय की नाई?"

मी मामांना समजवायला दोन पावलं गेलो, तोवर तू पदर खोचला होतास.

"मामासायेब, नवरीची माय घरीच राह्यली. तिले बराबर नाई वाटून राह्यलं. मी या गाडीची ड्रायव्हर हाय."

मंगरूळपीरच्या पुढे मानोरा, त्याच्या पलीकडे त्यांचं गाव. रस्ता खराब, पाहुण्यांसाठी परत बसवलेल्या मागच्या सीटवर वर्षा मुसमुसत होती, जावई तिला पाणी देत होते. तू एकदाही मागे पाहिलं नाहीस, मधला आरसाही वर वळवून ठेवलास. दारात गाडी थांबली, वर्षाच्या सासूबाई ओवाळायला आल्या, सगळे उतरले. तू उतरली नाहीस. दिलेला शब्द तसाच पाळलास. मी उभा राहून पाहत होतो, आपल्या पोरीने माप ओलांडलं ते तू गाडीच्या काचेतून पाहिलंस. सासूबाईंनी आतून कोणाला तरी म्हटलं, "अवो, ड्रायव्हरले पानी द्या." आणि स्वतःच तांब्या घेऊन खिडकीपाशी आल्या. त्यांनी तुझा हात तांब्यासकट धरला आणि थोडा वेळ सोडला नाही.

परतताना तुझी नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मला वाटलं, मामांवर रागावली आहेस. दिवस कलला होता, दोन्ही बाजूला तुरीची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ना फाटा, ना वळण. अशा सरळ रिकाम्या रस्त्यावर तू एकदम विचारलंस, "डावीकून कोनी हाय का?"

मी मान पूर्ण वळवून पाहिलं तेव्हा कळलं, तू रडत गाडी चालवत होतीस.

"मी हाय," मी म्हटलं.

तू नाक ओढलंस आणि गिअर टाकलास. ते दोन शब्द मी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून म्हणायला हवे होते की काय, असं वाटलं. घरी येऊन तू मेथीच्या वाफ्यात पाणी सोडायला गेलीस. त्या संध्याकाळबद्दल आपण पुढे कधीच बोललो नाही. माझं माणूस केवढं आहे ते मला त्या दिवशी दिसलं, हे मी तुला सांगायचं ठेवून दिलं होतं. ठेवूनच राहिलं.

आणि आपलं ते भांडण. तेही तसंच राहिलं.

त्याची सुरुवात वाशीमजवळच्या मालेगावला, चहाच्या टपरीवर झाली. मावशीकडून येताना आपण थांबलो होतो. लोणारचं सरोवर पाहायला निघालेली एक मोठी गाडी तिथे थांबली आणि त्यातून एक म्हातारा गोरा माणूस उतरला. चहा राहिला बाजूला, तो आपल्या फियाटकडे असा चालत आला जसं कोणी गर्दीत ओळखीचं दिसावं. "मिल्ले चेंतो," तो म्हणाला. "मिल्ले चेंतो!" त्याचा गाईड पोरगा नागपूरचा होता. त्याने सांगितलं, हा माणूस इटलीचा, गाडी मूळची त्यांच्याच देशाची, आणि तो जे म्हणतो आहे ते तिचं नाव आहे, म्हणजे अकराशे. आपली गाडी मुंबईला जोडलेली असली तरी तिचं माहेर तिकडचं, हे आपल्याला तोवर कुठे माहीत होतं! आपल्यासाठी ती वाशीमच्या डॉक्टरांची होती.

त्याने दाराची मूठ चाचपली. पुढची ती तिकोनी काच उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग आत डोकं घालून वास घेतला. गाईडने सांगितलं, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे सारं मोडून पडलं होतं, तेव्हा साध्या घरच्या माणसांनी अशी लहान गाडी घ्यायची म्हणजे आपलं घर पुन्हा उभं राहिलं असं समजायचं. याच्या बापाने घेतली होती. आईला, पाच पोरांना कोंबून समुद्र दाखवायला नेलं होतं. तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

"त्यायले सांग," तू गाईडला म्हणालीस, "आमी वांगे नेतो."

गाईडने काय सांगितलं कोण जाणे, पण तो म्हातारा इतका खुश झाला की त्याने छातीला हात लावला. तेव्हा तू जे केलंस ते मी कधी पाहिलं नव्हतं. रहीमभाईंनंतर कोणाला न दिलेलं स्टिअरिंग तू त्याला दिलंस. तू डावीकडे, तो उजवीकडे. मी खाली. टपरीमागच्या मोकळ्या जागेत त्याने एक चक्कर मारली. त्याच्या देशात स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला, त्यामुळे त्याचा उजवा हात सारखा दारावर गिअर शोधत होता आणि तू "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत होतीस. उतरला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. गाईड म्हणाला, "ते सांगतात, त्यांच्याकडे आता अशा गाड्या दागिन्यासारख्या जपतात. तरुण पोरं मुद्दाम शोधून घेतात. रविवारी बाहेर काढतात, पुसून परत ठेवतात." तू त्याला ढाळ्यांची मोठी जुडी दिलीस. ओला हरभरा कसा सोलून खायचा तेही दाखवलंस.

वाटेत मी म्हटलं, "पाह्य, कशी जपते ते लोक. आपनबी आता जपाले पायजे. झाकून ठिवू. पार्ट मिळत नाई, उद्या मोडली तं काय करशीन?"

तू म्हणालीस, "त्याचा बाप गेला म्हून ते जपून राह्यले. बाप असता तं चालवली असती."

मी चिडलो. तूही चिडलीस. पुढे कितीतरी वर्षं आपण तेच भांडत राहिलो. मी म्हणायचो, दुसरी घेऊ, भाजीला छोटा हत्ती टेम्पो लावू, ही शेडमध्ये राहू दे. तू म्हणायचीस, "गाडी दर्शनाले नसते." मी म्हणायचो, तुझे गुडघे दुखतात. तू म्हणायचीस, "क्लच दाबला का मोकळे होते."

मग अलीकडे तर तिला पाहायला माणसं येऊ लागली. मोबाईलवर कोणीतरी टाकलं आणि लग्न ठरलेली पोरंपोरी फोटो काढायला यायला लागली. "विंटेज" हा शब्द तू त्यांच्याकडूनच शिकलीस आणि स्वतःच्या गुडघ्यांनाही लावलास. तो वाशीमचा फोटोवाला आठवतो? "काकू, जरा फ्रेमच्या बाहेर या ना."

"मी बाहीर आली तं गाडी कोन चालवते?"

"चालवायची नाही काकू, नुसती उभी पाहिजे."

गॉगल लावलेली नवरी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तू तिला विचारलंस, "तुले येते का चालवता?" ती म्हणाली, नाही. "मंग हात कायले ठिवला?" ती हिरमुसली. फोटो झाल्यावर तू तिला वावरात नेऊन अर्धा तास शिकवलंस आणि नवरदेव धुऱ्यावर उभा, जसा मी उभा होतो. ती जाताना तुझ्या पाया पडली. मला तेव्हा हसू आलं होतं. आज त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही, गॉगल कपाळावर, घामाने मेकअप ओघळलेला, आणि अशी खुश.

तुझं शेवटचं बोलणंही गाडीबद्दलच होतं. रुग्णवाहिकेत तू आडवी, ऑक्सिजन लावलेला. चढ आला, गाडी घरघरली. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, वर्षाबद्दल काही सांगशील, माझ्याबद्दल काही. तू म्हणालीस, "हा पोट्टा क्लच जाळून राह्यला." मला हसू आलं. तूही हसलीस, मास्कच्या आत.

तेरवीनंतर नागपूरचे एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात. फार सभ्य माणूस, त्यांनी आधी तुझ्या फोटोला हात जोडले, मग गाडी पाहिली. पाहता पाहता त्यांचा आवाज हळू झाला. त्यांच्याकडे मोठा हॉल आहे, दिवे आहेत. तुझा फोटोही गाडीशेजारी लावतो म्हणाले. "ही आता कोणी चालवू नये, गुरुजी. अशा फार थोड्या राहिल्या आहेत. ही जपायची गोष्ट आहे."

इंदू, ते माझंच म्हणणं होतं. शब्दसुद्धा माझेच. इतकी वर्षं मी तेच तुझ्याशी भांडत होतो, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर मला ते सोसवेना. दिव्याखाली उभी असलेली गाडी डोळ्यांपुढे आली, आत कोणी नाही. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "ती द्यायची नाही." तुझं खरं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. भांडण संपलं तर माझ्याजवळ तुझं काय राहील?

वर्षा थांबली होती, अमरावतीच्या बँकेतून रजा काढून. तिची तिकडची गाडी पाहिली आहेस तू, गिअर नसलेली, तू तिला शिलाई मशीन म्हणायचीस. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मी चालवून पाहतो." बॅटरी उतरली होती. रहीमभाई, आता स्वतः काठी टेकत चालणारे, नातेवाइकाच्या स्कूटरवर मांडीत बॅटरी घेऊन आले. गाडी सुरू झाल्यावर बाहेर बाजेवर जाऊन बसले, गमछ्याने तोंड पुसत.

वर्षाला गिअर सापडेना. स्टिअरिंगखालची ती दांडी तिने इकडे ओढली, तिकडे ओढली, गाडीने किंचाळून घेतलं. आणि मी, ज्याने कधी स्टिअरिंगला बोट लावलं नाही, तिला सांगत होतो. "क्लच पूर्ण दाब. आता दांडी अंगाकडे घे. घाई नको, तिला वाटेल तेव्हा जाते. आता उचल." गाडी निघाली. "आता आवाज बदलला, ऐकलास? आता दुसरा." वर्षा हसत होती आणि रडत होती. "बाबा, तुमाले कसं येते?"

मला काय सांगता आलं असतं? मी तुझ्या शेजारी बसलो होतो, एवढंच.

दोन दिवसांत तिचा हात बसला. मग तिने विचारलं, "मी नेऊ का अमरावतीले? मी बँकेत हिच्यातच जाईन. रोज." ती तुझं भांडण तुझ्यासारखंच माझ्याशी भांडत होती. मी लांबच्या रस्त्यासाठी टायरची हवा पाहिली.

"तुमीबी चला," ती म्हणाली.

"मेथी काढणीले आली," मी म्हटलं. मेथी खरंच आली आहे, इंदू. पण मी गेलो असतो तर घरात तुझ्याशी बोलायला कोणी उरलं नसतं.

आज सकाळी ती निघाली. फाटक मी उघडलं, गाडी रस्त्यावर आली, फाटक लावलं आणि पाय आपोआप डाव्या दाराकडे गेले. वर्षाने आतून दार उघडलं. मी दार बाहेरूनच हळू लावलं, आदळू दिलं नाही.

गाडी निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती जाताना मी कधीच पाहिली नव्हती. ती निघायची तेव्हा मी आत असायचो. लोक रस्त्याच्या कडेला थांबून तुला जाताना पाहायचे, आणि मला कळायचं नाही की ते एवढं काय पाहतात. आज मी त्या लोकांच्या जागी उभा होतो. बदामी रंगाची ती गोल पाठ, खिडकीबाहेर आलेला एका बाईचा कोपर, मागे थोडी धूळ. मोठे ट्रक तिच्या बाजूने जात होते आणि ती आपली एका चालीने चालली होती. पुलापर्यंत गेली, मग बाभळींच्या मागे दिसेनाशी झाली.

इंदू, केवढीशी गं ती! आपण सारे आत कसे मावलो होतो?